कड

मंगळवारी माझी रात्रपाळी नसते.
वेस्ट डुलुथमध्ये, बंद पडलेल्या चपलांच्या दुकानाखाली
एका तळघरात पूलची सहा टेबलं आहेत.
भिंतीलगतचं डेल कोस्केलाचं,
आणि अलीकडे थोडंसं माझं.
बाहेर उणे एकोणीस. तळ्यावर बर्फ करकरतं.
आत निळ्या खडूची भुकटी, ओल्या बुटांचा वास.

समोरासमोरचा चेंडू मला येतो.
मुळात मी नाकासमोर चालणारी बाई.
पांढरा, रंगीत, खिसा एका ओळीत आले
की काठी आपली आपण पुढे जाते.
पण चेंडू जरा तिरका बसला
की हात विचारतो, कुठं?
आणि डोळा म्हणतो, मला काय विचारतोस.

पहिल्याच दिवशी फुशारकी मारून ठेवली होती:
कराडच्या क्वार्टर्समध्ये कॅरमला मला कुणी हरवत नसे,
कट माझ्या नखात आहे.
डेल म्हणाला, बरं.
मग ओळीने बेचाळीस चेंडू हुकले.
त्यानं मोजले होते.

कुठं बघतेस?
जिथं लागायला हवं, तिथं.
म्हणून लागत नाही.
त्या ठिपक्यावर तू पांढऱ्याचा मध्य नेतेस,
पण पांढऱ्याला पोट आहे.
तू पोचायच्या आधी ते थडकतं.

(घरी जाताना बसमध्ये मी हे वाक्य
दोन-तीन माणसांना लावून पाहिलं.
मग स्वतःला.)

पुढच्या मंगळवारी त्यानं सातच्या मागे,
खिशाच्या रेषेत, अगदी चिकटवून, तेरा ठेवला.
पांढऱ्यानं इथं यायचं. ह्याच जागी. नीट बघून घे.
मी बघून घेतलं, नारिंगी पट्ट्यासकट.
त्यानं तेरा उचलला, कोटाच्या खिशात टाकला.
आता मार. जो नाही त्याला.

मी रात्रभर मायक्रोस्कोपला डोळा लावणारी.
जे हवं ते मधोमध आणायचं,
स्क्रू फिरवायचा, मोजायचं, लिहायचं.
नाही ते
कोणत्या रकान्यात लिहितात?

नोव्हेंबर असाच गेला.
चेंडू खिशाच्या जबड्यापर्यंत जायचा,
दोन्ही गालांवर आपटून थरथरायचा,
आणि बाहेर यायचा, पाहुण्यासारखा, चप्पल विसरलेला.

डिसेंबरात कळलं.
कॉफीचे पैसे मोजताना डेल नाण्याकडे
कोंबडीसारखी मान वाकडी करून बघत होता.
दोन्ही डोळ्यांचं मधलं गेलंय, म्हणाला, चार वर्षं झाली.
माणसाकडे बघितलं की चेहरा नसतो, कान असतात.
मग चेंडू?
चेंडूची कड दिसते. लख्ख.
मला मधल्याचा मोह उरला नाही, एवढंच.

मला त्याला सांगायचं होतं
की आमच्यात कड घेणं म्हणजे कुणाची बाजू घेणं,
आणि रात्र कडेला नेणं म्हणजे निभावणं.
इंग्रजीत ते जमेना.
मी नुसता खडू घासला.

आज सात पुन्हा तिथंच, तिरका.
मी सातकडे बघितलं. मग खिशाकडे.
मग त्या रिकाम्या हिरव्या जागेकडे,
जिथं महिन्यापूर्वी तेरा होता.
बराच वेळ बघितलं.
कापडाला तिथं किंचित गोलाई आल्यासारखी वाटली.
श्वास सोडला.
काठी गेली.

आवाज बारीक आला,
सुपारी कातरल्यासारखा.
सात कुठंही न आपटता
घरात शिरावा तसा आत गेला.

डेल पाठमोरा होता, कोट काढत होता.
पातळ लागला, म्हणाला. छान.
मी काठी उंच धरली.
तेवढ्यात पांढरा दोन कडांवर टेकून,
कुणाची परवानगी न विचारता,
समोरच्या खिशात पडला.

हा आवाजही त्यानं ओळखला.
फाऊल, म्हणाला.
कराडला ह्यालाच दंड म्हणायचे,
कमावलेली सोंगटी परत मधोमध ठेवायला लागायची.
इथं सात आत राहतो,
फक्त पांढरा समोरच्याच्या हातात जातो.

मी खिशात हात घातला.
पांढरा अजून कोमट होता, की माझीच बोटं.
डेलनं तळहात पुढे केला,
माझ्या कानाकडे बघत.